एआयनं कोड परत लिहिला म्हणून जीपीएल जात नाही

सध्या एक मेसेज फिरतोय, की जीपीएलचा कोड (म्हणजे 'वापरा, बदला, पण वाटलात तर सोर्सही द्या' अशा लायसन्सचा) एआयकडून परत लिहून घेतला की तो 'क्लीन रूम' होतो, मग बिनधास्त एमआयटी लायसन्स लावा, ज्यात सोर्स द्यायची अट नसते. हे चुकीचं आहे.

क्लीन रूम म्हणजे काय ते आधी बघा. १९८४ च्या सुमारास फीनिक्स कंपनीनं आयबीएमच्या बायोससारखा बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम) बनवला तेव्हा एका टीमनं मूळ कोड वाचून तो काय करतो एवढंच लिहून काढलं, आणि ज्यांनी तो कोड कधी बघितलाच नव्हता अशांनी नवा लिहिला. इथे तुम्ही अख्खी रेपो, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड, एआय मॉडेलला देताय, आणि तोच कोड त्याच्या ट्रेनिंगमध्येही असायची दाट शक्यता, मग वाचणारा आणि लिहिणारा यांच्यातली भिंत राहिली कुठे?

काहीजण २०२१ ची गूगल-ओरॅकल केस पुढे करतात, ज्यात गूगल जिंकलं. पण ती जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या एपीआयच्या डिक्लरेशन्सबद्दल, म्हणजे फंक्शन्सची नावं आणि ती कशी बोलवायची एवढ्याबद्दल होती, आतला कोड गूगलनं स्वतः लिहिला होता.

आणि अमेरिकेत निव्वळ एआयनं बनवलेल्यावर कॉपीराइटच मिळत नाही, मग एमआयटी तरी कुठल्या हक्कानं लावणार?

व्हीएलसी व्हिडिओ प्लेअरवाल्यांना त्यांचं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएल या जरा सैल लायसन्सवर आणायचं होतं तर त्यांनी २०० च्या वर डेव्हलपर्सना शोधून शोधून परवानगी मागितली, कित्येक महिने गेले त्यात. ज्यांनी रात्री जागून कोड लिहिला, त्यांची मुख्य अट होती, बदल केलेला प्रोग्राम वाटलात तर त्याचा सोर्सही त्याच लायसन्सखाली द्या. ती अट नको असेल तर त्यांना विचारा ना.