वावर फुकणारे आणि बाहेर निंगालेले

२८ ऑक्टोबर २०२५ला बच्चू कडूंचा ट्रॅक्टर मोर्चा नागपूरला धडकला. हायवे अडला, हायकोर्टाला मध्ये पडावं लागलं, आणि दोनच दिवसांत मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचं आश्वासन दिलं. माफी द्यावी की नाही, यावर भांडायला महाराष्ट्रात माणसं कमी नाहीत. मला इथे नेदरलँड्समध्ये बसून वेगळंच खटकतं. या साऱ्या वादात कास्तकार दोनच प्रकारचे असतात: थकबाकीत टिकलेला, नाहीतर जीव दिलेला. ज्याला जिवंतपणी, देणं फेडून, सरळ शेती सोडायची आहे त्याचं नावही कोणी काढत नाही.

काढलंच तर कसं काढतात, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या राळेगाव तालुक्यातल्या कुठल्याही पानठेल्यावर ऐकावं. ‘वावर फुकलं त्यानं.’ ‘बापानं कमावलं, पोरानं इकून खाल्लं.’ माझ्या चुलतभावानं तीन एकर कोरडवाहू विकली, सोसायटीचं आणि सावकाराचं देणं फेडलं आणि चाकणला गोदामावर गार्ड म्हणून लागला. कोणाचा रुपया बुडवला नाही, तरी तो फुकणारा. माझ्या इंजिनिअरिंगसाठी बाबांनी दोन एकर विकली आणि मी आइंडहोव्हनला पोचलो, तर त्याला ‘पोरगं बाहेर निंगालं’ म्हणतात. गावी गेलो की शाल-नारळ मिळतो. वावर दोघांचंही गेलं. फरक पगाराचा आहे, एवढंच.

वर्तमानपत्रांची भाषा याहून वाईट. आत्महत्येच्या बातमीत ‘अखेर हार मानली’ असं सर्रास छापतात. हे वाक्य लिहिणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. तो माणूस हरला नव्हता, आणि ‘शेवटपर्यंत झुंजला’ म्हणून त्याचा गौरव करणंही तितकंच खोटं. तो अडकला होता. नापिकी, देणं आणि ‘लोक काय म्हणतील’ यांच्यामधून बाहेर पडायला दार असू शकतं, हे त्याला सांगणारं कोणी जवळ नव्हतं. त्याच्या मागे सरकारी कागद येतो तो ‘पात्र’ की ‘अपात्र’ विचारायला. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, थकलेलं होतं का? २००६च्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र ठरलं तर एक लाख: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं घेऊन, वाहणाऱ्याच्या नावावर जमीनच नसते, म्हणून तो इथेच गळतो.

आता इकडचं. २९ मे २०१९ला इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं नायट्रोजन प्रदूषणाची परवाना पद्धत रद्द केली. गाईडुकरांच्या शेणमुतातून उठणारा अमोनिया निसर्गक्षेत्रांना मारतो, म्हणून जनावरं कमी करा, असा सूर लागला. ऑक्टोबरात ट्रॅक्टर द हेगमध्ये घुसले. आमच्या ब्राबांट प्रांतात डुकरांचे गोठे दाट, त्यामुळे ही आग अगदी शेजारी होती. जुलै २०२३मध्ये सरकारनं गोठा बंद करणाऱ्यांसाठी दोन योजना काढल्या, मिळून सुमारे १४७ कोटी युरोंच्या. गुरांचा धंदा मोडल्यानं बुडणाऱ्या किमतीची शंभर टक्के भरपाई, निसर्गक्षेत्राला जास्त त्रास देणाऱ्या गोठ्यांना एकशे वीस टक्के. अट अशी की तोच धंदा पुन्हा या देशात किंवा युरोपीय संघात कुठेही करायचा नाही. अशा शेतकऱ्याला इथे ‘स्टॉपर’ म्हणतात, आणि या शब्दात शिवी नाही. सन २०००मध्ये सुमारे ९७ हजार शेतीव्यवसाय होते, आता पन्नास हजारांच्या आसपास आहेत. थांबणारा माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो.

यावरून ‘बघा, परदेशात किती मान’ असं मी म्हणणार नाही. इथल्या शेतकऱ्यालाही आजोबांचा गोठा पाडताना रडू येतं, आणि ज्याला जायचं नाही त्याला हा पैसा म्हणजे हाकलण्याचं भाडं वाटतं. शिवाय इथे सरकारलाच शेतकरी कमी हवे होते, म्हणून तिजोरी उघडली. यवतमाळात कापसाचं वावर सोडलेल्याला घ्यायला कारखाना कुठे आहे? चाकण गाठावं लागतं.

पण सोडण्याची इच्छा आपल्याकडे नवी नाही. २००३च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या चाळीस टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं होतं की पर्याय मिळाला तर दुसरं काही करू. त्या चाळीस टक्क्यांसाठी आपण काय केलं? कर्जमाफ्या केल्या, २०१७ला दीड लाखापर्यंत, २०१९ला दोन लाखांपर्यंत. दोन्ही वेळा थकलेल्याला दिलासा मिळाला, आणि त्या मिळायलाच हव्या होत्या. पण वावर विकून आधीच फेडून मोकळा झालेल्याला त्यात काही नव्हतं.

मग माणसं अर्धवट सोडतात. वावर मक्त्यानं द्यायचं तोंडी, सातबारा आपल्याच नावावर ठेवायचा. पीएम किसान आणि नमो या सरकारी मदतीच्या योजना मिळून वर्षाचे बारा हजार सातबाऱ्यावरच्या नावाला. डवरणी, फवारणी, कपाशीचा तोटा मक्तेदाराला. पूर्ण विकावं, तर पुन्हा घेता येईल याची खात्री नाही, कारण राज्यात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. डच अट निदान पैसे मोजून घालतात, आपण ती फुकटात घालतो.

मला बोलायचं आहे ते या दोन गाठींबद्दल. ज्यानं विकली त्याला ठरावीक वर्षं तरी शेतकऱ्याचा दर्जा राहू द्या, चाकणला जमलं नाही तर एखादा एकर घेऊन परत येता यावं. आणि मक्ता कागदावर येऊ द्या. नीती आयोगानं २०१६मध्ये भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा तयार केला होता, त्यात मालकाची मालकीही सुरक्षित राहते. गावात मात्र अजून ‘लिहून देलं तर कूळ लागन’, म्हणजे वाहणारा जमिनीवर हक्क सांगेल, हीच धास्ती आहे, आणि ती काढायचं काम विधानसभेचं आहे.