मुख्य वाहिनीपासून ६४० मीटर

आम्ही ठाण्यात राहतो, पण आमचे मूळ घर शहापूर तालुक्यात आहे आणि आई-बाबांनी उरलेले दिवस तिथेच काढायचे ठरवल्यापासून त्या घराला नळाचे पाणी मिळावे यासाठी मी आणि दादा गेले दीड वर्ष धडपडत आहोत. घर गावठाणात नाही, शेतावर आहे, आणि गावाच्या मुख्य जलवाहिनीचे शेवटचे टोक तिथून ६४० मीटरवर आहे. हे अंतर मी टेपने मोजून घेतले आहे, कारण पुढचा जवळजवळ सगळा खर्च त्या अंतरानेच ठरतो.

सुरुवातीला दादा म्हणाला होता, "अर्ज करू, अनामत भरू, महिन्याभरात नळ येईल." त्याचा अंदाज गावठाणातल्या घरांवरून बांधलेला होता आणि तिथे तो खराही ठरतो, कारण वाहिनी दारावरून जाते. आमची अडचण अर्जापाशीच सुरू झाली. शेतातल्या घराची ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत नोंदच नव्हती. नमुना ८ चा, म्हणजे त्या नोंदवहीचा, उतारा नाही म्हणून घरपट्टी नाही, आणि घरपट्टी भरल्याची पावती नाही म्हणून नळजोडणीचा अर्ज घेता येत नाही. ती नोंद होण्यात सात महिने गेले. पुढे अर्ज, सातबारा, ज्यांच्या बांधावरून पाइप जाणार त्या दोन शेतकऱ्यांची संमतीपत्रे आणि मासिक सभेचा ठराव, हे सारे त्या मानाने लवकर झाले. तुमचे घर गावठाणाबाहेर असेल, तर पाण्याचा विचार डोक्यात येण्याच्याही आधी नमुना ८ ची नोंद करून घ्या, एवढे मी कळकळीने सांगते.

आता खर्च. अनामत आणि जोडणी शुल्क मिळून ३,००० रुपये भरले. ३२ मि.मी. व्यासाचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप ४१,००० रुपयांचा. चर खणायला जेसीबी, आणि मध्ये कातळ लागल्यावर ब्रेकर, मिळून २६,०००. डांबरी रस्ता ओलांडण्याची परवानगी, रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे आणि रस्त्याखाली पाइपला संरक्षण म्हणून घालायची मोठी नळी यांचे १२,०००. फेरूल आणि सॅडल (मुख्य वाहिनीतून घराची जोडणी काढण्याचे भाग), व्हॉल्व्ह आणि प्लंबरची मजुरी ९,०००. म्हणजे ९१,००० रुपये, आणि पाणी दिवसातून एकदाच येणार असल्यामुळे जमिनीतली साठवण टाकी बांधावी लागते, तिचे ३८,००० वेगळे. पंचायतीच्या पावतीवर दिसणारा खर्च ३,००० आणि पूर्ण कामाचा प्रत्यक्षातला १,२९,०००. शहापूरच्या पट्ट्यात बेसाल्टचा कातळ आहे, त्यामुळे पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत सापडते. बोअरचा जुगार आम्ही म्हणूनच टाळला.

आमच्याकडची माणसे इथे नेहमीची खंत बोलून दाखवतात आणि ती खरी आहे: मुंबईला पाणी देणारे तानसा धरण १८९२ पासून याच तालुक्यात उभे आहे, मुंबईच्या पुरवठ्यातला जवळपास निम्मा वाटा उचलणारे भातसा धरणही इथलेच, आणि तरी उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतात. मात्र घरचा नळ त्या पाण्यावर थेट जोडता येत नाही, हेही समजून घ्यायला हवे. भातसाचे पाणी नदीपात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते आणि पांजरापूरला शुद्ध होते. महानगराकडे जाणाऱ्या प्रचंड वाहिन्यांना मधेच छेद देऊन अर्ध्या इंचाची जोडणी दिली जात नाही. गावाला स्वतःचा उद्भव (पाण्याचा स्रोत), स्वतःची टाकी आणि स्वतःच्या वितरण वाहिन्या लागतात, आणि आमच्या गावात त्या आहेत. त्या वाहिन्या सगळ्या घरांपर्यंत पोचलेल्या नाहीत, एवढेच.

का पोचलेल्या नाहीत, ते मला खोदकाम सुरू झाले त्या दिवशी कळले. रस्त्याच्या कडेने चर खणताना जेसीबीच्या दातांना एकापाठोपाठ एक चार जुने पाइप लागले, सगळे अर्ध्या इंचाचे, म्हणजे १५ मि.मी.चे, सगळे एकाच दिशेने जाणारे. आमच्या घरापलीकडे पाड्यावर सहा घरे आहेत. त्यांतल्या चार घरांनी गेल्या दहा-बारा वर्षांत ऐपतीप्रमाणे, कुणी कर्ज काढून, कुणी भाताचे पैसे घालून, आपापली स्वतंत्र नळी ओढली होती. उरलेल्या दोन घरांना ते जमले नाही. त्या घरांतल्या बायका अजून विहिरीवरून हंडे आणतात. ज्यांनी नळ्या ओढल्या त्यांनाही पुरेसे पाणी नाही, आणि व्हॉल्व्हमन (गावाचे पाणी सोडणारा कर्मचारी) पाणी कमी सोडतो असा त्यांचा समज आहे.

दोष व्हॉल्व्हमनचा नाही. पाणी पाइपमधून वाहताना घर्षणाने दाब गमावते, आणि पाइप जितका अरुंद व लांब तितका अधिक गमावते. टाकीची पाणीपातळी नळाच्या तोटीपेक्षा १० मीटर उंच असली, तरी १५ मि.मी. व्यासाच्या ६४० मीटर लांब नळीतून मिनिटाला जेमतेम चार लिटर पाणी येते. गावात पाणी ४५ मिनिटे सुटते. म्हणजे त्या घराला फार तर १८० लिटर. घरोघरी नळ देण्याच्या जल जीवन मिशन या सरकारी योजनेचे प्रमाण माणशी दररोज ५५ लिटरचे आहे, म्हणजे पाच माणसांना २७५. उलट पाइपचा व्यास दुप्पट केला, तर तेवढ्याच दाबात सुमारे सहापट पाणी वाहते. ५० मि.मी. आतल्या व्यासाची एकच वाहिनी टाकली, तर मिनिटाला ९० लिटर मिळतात, आणि सातही घरांना ४५ मिनिटांत पाचशे लिटरांहून अधिक प्रत्येकी पोचते.

त्या वाहिनीचे दरपत्रक मी मागवले. मीटरला १७० रुपये धरून पाइपचे १,०८,८०० रुपये, चर आणि रस्ता ओलांडणे यांचे आधीइतकेच ३८,०००, एकूण १,४६,८००; सात घरांत वाटले तर प्रत्येकी सुमारे २१,०००. माझ्यासारखा एकेकट्याने पाइप ओढायचा, तर याच तीन बाबींचे प्रत्येकी ७९,००० होतात. गरिबाने जास्त पैसे मोजून कमी पाणी घ्यायचे, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे चालू द्यायचे, हे मला कोणत्याही कारणाने मान्य नाही.

आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो पंचायतीतच ऐकला: फेरूलच्या पुढचा पाइप ग्राहकाचा, तो त्याने टाकायचा, गळती त्याने काढायची. घराच्या अंगणात हा नियम योग्य आहे. पण ६४० मीटरपैकी ६०० मीटर सार्वजनिक रस्त्याच्या कडेने जात असतील, तर तो भाग खासगी कसा? माझ्या पैशांनी टाकलेल्या पाइपवर उद्या शेजारच्याने जोडणी मागितली, तर हो म्हणायचा अधिकार माझा की पंचायतीचा, याचे लेखी उत्तर मला कुणीच दिले नाही. रस्त्यातला पाइप सुरुवातीपासून पंचायतीच्या मालकीचा मानावा, त्याचा व्यास वस्तीतली सगळी घरे मोजून ठरवावा, आणि आधी पैसे घालणाऱ्याला पुढच्या प्रत्येक जोडणीतून त्याचा वाटा परत मिळावा, असे माझे मत आहे. जल जीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामासाठी लोकवर्गणी सर्वसाधारण गावात १० टक्के आणि डोंगराळ, वनक्षेत्रातील किंवा अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावात ५ टक्के ठरवलेली आहे. लोकांनी वाटा उचलायचा आणि वाहिनी सगळ्यांची राहायची, हे तत्त्व सरकारने स्वीकारलेले आहेच. शिवाय वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच येतो. आमच्या पाड्यासाठी त्यातून पाइपचे निम्मे पैसे मिळाले, तरी विहिरीवर जाणाऱ्या त्या दोन घरांचा प्रश्न सुटतो.

आमचे खोदकाम आम्ही थांबवले आहे. घेतलेला ३२ मि.मी.चा पाइप दुकानदार परत घ्यायला तयार आहे, थोडी वजावट करून. दादा सुरुवातीला चिडला, कारण बाबांना दुसरा उन्हाळा टँकरवर काढावा लागणार. पण आकडेमोड दाखवल्यावर तोच सातही घरी जाऊन सह्या घेऊन आला. १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवायच्या अर्जाला घरांची यादी, चराचा नकाशा आणि दोन्ही दरपत्रके जोडली आहेत. पावसाळा सुरू झाला की चिखलात जेसीबी शेतात उतरत नाही, म्हणून ठराव मंजूर झाल्यास चर बुजवण्यासह काम जूनच्या पहिल्या आठवड्याआधी उरकावे लागेल. शहापूर, मुरबाड किंवा भिवंडीच्या ग्रामीण भागात कुणी अशी सामाईक वाहिनी पंचायतीच्या ठरावाने टाकून घेतली असेल, तर त्या ठरावाची प्रत मला पाठवावी. मसुदा करताना तिचा फार उपयोग होईल.