रझांचा ठिपका आणि ग्रुपवरचं शहाणपण

आमच्या धामणगाव पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर सध्या एक पोस्ट फिरतेय. चित्रकार रझांच्या नावावर काळ्या गोलाचा फोटो, खाली मजकूर: ‘सय्यद हैदर रझा यांचा हा ठिपका १६ कोटींना विकला गेला! माझं पोट्टं याहून चांगला काढते. ज्याले चित्र जमत नाही तो मॉडर्न आर्ट करते. हा मुंबई-पॅरिसच्या बड्या घरच्या पोरांचा चाळा, आपल्या मातीशी संबंध काय? एका ठिपक्यात बावा कोट्यधीश!’ मी ड्रॉइंगचा मास्तर. हसून सोडून देणार होतो, पण आमच्या शाळेतल्या दोन शिक्षकांनीही ती पुढे ढकलली.

आधी फोटो. २०१० साली लंडनच्या लिलावात साडेसोळा कोटींच्या आसपास गेलं ते ‘सौराष्ट्र’ हे १९८३ चं चित्र. ते दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आहे आणि तापलेल्या रंगांनी काठोकाठ भरलेलं आहे. पोस्टमधला एकटा काळा गोल म्हणजे ते चित्र नव्हे.

‘चित्र जमत नाही’ हे तर फारच झालं. रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. त्यांची त्या काळातली जलरंगातली निसर्गचित्रं आणि मुंबईचे रस्ते पाहा, म्हणजे हात कसा होता ते कळेल. पुढे कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराने त्यांना सांगितलं की चित्रात बांधणी हवी, सेझान हा फ्रेंच चित्रकार अभ्यासा. १९५० ला ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, १९५६ ला तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. ठिपका, म्हणजे त्यांचा ‘बिंदू’, चित्राच्या मध्यभागी येऊन बसला तेव्हा रझा साठीला टेकले होते. तोवरची चाळीस वर्षं पोस्टवाल्याने सरळ गिळली.

आता पोट्ट्याचा ठिपका. मी सातवीच्या पोरांना कंपास न वापरता गोल काढून तो पोस्टर कलरने भरायला लावतो. करून पाहा. अर्धा भरेपर्यंत पहिली बाजू वाळते, दुसरा हात दिला की जोडाची रेघ उठते, पाणी जास्त झालं की कागद फुगतो, कड थरथरते. आणि एवढं करून साधलं तरी तो गोल कागदावर नेमका कुठे ठेवायचा, भोवती कोणता रंग घेतला की काळा खोल वाटेल, हे पोराला विचारलं की ते माझ्या तोंडाकडे पाहतं. त्याचा दोष नाही. पण मग ‘याहून चांगला’ कशाला म्हणायचं?

बड्या घरचे? रझांचे वडील जंगल खात्यात नोकरीला. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह या मुंबईतल्या चित्रकारांच्या गटातले त्यांचे सोबती पाहा: के. एच. आरा गाड्या धुवायचे, एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. आणि हरी अंबादास गाडे? आपल्या तळेगाव दशासरचे, जन्म १९१७! तळेगाव म्हटलं की आपल्याला शंकरपट आठवतो, बैलजोड्यांचे सेकंद तोंडपाठ असतात. स्वतंत्र भारतातल्या सुरुवातीच्या अमूर्त चित्रकारांपैकी एक तिथे जन्मला, हे किती जणांना माहीत आहे? नागपूर विद्यापीठातून विज्ञान शिकलेला, मास्तरकी केलेला माणूस.

‘मातीशी संबंध काय’ यावर फार लिहीत नाही. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या शाळेत चंचल रझाला गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला लावलं, ही बिंदूमागची आठवण रझा स्वतः सांगत. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रावर तर देवनागरीत कवितेची ओळ आहे. मंडला नागपूरपासून काही पॅरिसएवढं लांब नाही.

राहिले कोटी. लिलावात बोली लागते तेव्हा पैसा मुख्यतः त्या दिवशी चित्र ज्याच्या मालकीचं असतं त्याला जातो, अन् थोडा लिलाववाल्याला. चित्रकाराने ते कधीचंच विकलेलं असतं, त्या काळच्या भावाने. तेव्हा ‘कोट्यधीश बावा’ म्हणून कोणाला शिव्या घालायच्याच असतील, तर त्या विकणाऱ्याच्या नावाने घाला.