एम मिरजेचा, एन नांद्र्याचा

दिवाळीला भाचा पुण्याहून आला तो सेगा कंपनीचा जुना मेगा ड्राइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा डबा, काखोटीला मारून. कन्सोल १९८८ सालचा, म्हणजे वयानं भाच्यापेक्षा थोरला. सुट्टी संपल्यावर "मामा, राहू दे तुमच्याकडंच" म्हणून तो गेला, आणि सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात एक सैतान कायमचा मुक्कामाला आला.

त्यात घालायची खेळाची कॅसेट, म्हणजे कार्ट्रिज, एकच, ड्रॅगन्स फ्युरी. मुळात हा जपानी पिनबॉल, १९९० साली पीसी इंजिन नावाच्या यंत्रावर आलेला. मेगा ड्राइव्हवर नंतर आला. पिनबॉल आमच्या पिढीला जत्रेनं शिकवला. खिळे ठोकलेली फळी, स्प्रिंगचा दांडा, एक लोखंडी गोळी, आणि "नशीब आजमावा" म्हणून ओरडणारा माणूस. अमेरिकेतही आधी असंच नशिबावर चालायचं. मग १९४७ साली गॉटलीब कंपनीनं गोळी परत वर मारायला फ्लिपर, म्हणजे बटणावर हलणाऱ्या छोट्या दांड्या, बसवले. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी गोळीचं गेलं.

ह्या खेळाचं टेबल तीन मजली. मजल्यागणिक फ्लिपरची एकेक जोडी. आमच्या गल्लीतल्या जुन्या वाड्यासारखंच, वरून निसटलेल्याला मधल्या माडीवर कुणीतरी अडवतंच. फरक एवढाच, की ह्या वाड्यात भाडेकरू म्हणून कवट्या, सांगाडे आणि टोपडी घातलेले मांत्रिक राहतात. मला त्यांचं काही वाटलं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीता स्वयंवर उभं केलं, तेव्हापासून रंगीत राक्षसांना अललडुर्र करत नाचताना बघायची ह्या गावाला सवय आहे.

घोटाळा झाला तो मधल्या मजल्यावर. तिथं एका बाईचा मोठा चेहरा आहे, डोळे मिटलेला. गोळ्या बसत गेल्या की तिचं रूप पालटत जातं.

"तिनं काय वाकडं केलंय तुमचं?" भाकरी थापता थापता सौ.नं विचारलं.

"अगं, ती बाई नाही. पुढं तिची सरपटणारी राक्षसीण होते."

"दिवसभर तोंडावर गोळ्या मारल्यावर कुणाचीही होईल."

खरा छळ मात्र दोन फ्लिपरांच्या मधल्या फटीचा. गोळी डावी-उजवीकडं आली तर काहीतरी करता येतं. बरोबर मधून आली, तर दोन्ही फ्लिपर हात जोडल्यासारखे हलतात आणि ती त्यांच्यामधून शांतपणे निघून जाते. अशा वेळी मी बसल्या जागी वाकतो. गोळी डावीकडं जावी म्हणून मी डावीकडं, अगदी एसटीच्या वळणावर कलावं तसा. टीव्हीला ह्याची खबर नसते. टेबलाला धक्का द्यायला एक बटण आहे, पण ते जास्त दाबलं की टिल्ट! फ्लिपर मेल्यासारखे पडून राहतात आणि आपण नुसतं बघायचं. तिसऱ्या दिवशी माझ्या पाठीत उसण भरली. डॉक्टरांनी विचारलं, "काही जड उचललं होतं का?" मी म्हटलं, "गोळी." त्यांनीही गोळ्याच दिल्या.

न्यूयॉर्कात १९४२पासून १९७६पर्यंत पिनबॉलवर बंदी होती. महापौर ला गार्डिया यांनी जप्त केलेली यंत्रं घणानं फोडली होती. ही माहिती मी उत्साहाच्या भरात घरात सांगितली. सांगायला नको होती. सौ. बराच वेळ खलबत्त्याकडं बघत होती.

तर, कार्तिकी एकादशीच्या रात्री माझा स्कोअर इतका चढला, की पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पुराची पाणीपातळी ऐकतो तसा मी दर मिनिटाला आकडा मोठ्यानं सांगायला लागलो. आई झोपेतून उठून म्हणाली, "सामान माळ्यावर टाकायचं का?" खेळ पुढं चालू ठेवायचा तर हे यंत्र दहा अक्षरांचा पासवर्ड देतं. तो मी पेपरातल्या शब्दकोड्याच्या रिकाम्या चौकटींत नीट लिहून ठेवला.

सकाळी पेपर नव्हता. सौ.नं त्यात भडंग बांधून मिरजेला भावाकडं पाठवलं होतं.

मी मेव्हण्याला फोन लावला. "पुडी टाकली नाहीस ना?"

"न्हाई दाजी, निम्मं भडंग अजून हाय. पण शब्दकोडं इंग्रजीत?"

"ते राहू दे. अक्षरं सांग. पहिलं?"

"एम. का एन?"

"मिरजेचा की नांद्र्याचा?"

"मिरजेचा. मग टी. तासगावचा. मग बी…"

"बुधगावचा का पलूसचा?"

"बुधगावचा. फुडं तेल लागलंय, थांबा, खिडकीत धरतो… डी. दुधगावचा."

अशी निम्मी सांगली जिल्हा परिषद फिरून आम्ही नवव्या अक्षरापर्यंत आलो. मेव्हणा थांबला.

"दाजी, धाव्या चौकटीवर शेंगदाणा चिकटलाय."

"मग काढ की."

"काढला." कुरकुर आवाज आला. "खाल्ला बी. त्याच्यासंगं कागद आला वो."

तेव्हापासून ते दहावं अक्षर मी एकेक लावून बघतोय. काल रात्री पलूसपर्यंत पोचलो.