तक्रार आढळली नाही

परवा नारायण पेठेतल्या एका बोळात वळण घेताना माझ्या गाडीचे स्टिअरिंग एकाएकी जड झाले, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी बोळाला आडवी उभी राहिली. अशा वेळी पुण्यात मदत मागावी लागत नाही. ती पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून आपोआप खाली येते.

"उजवीकडे घ्या," बनियनमधले एक काका शब्दकोड्यातून मान वर काढून म्हणाले.

"काका, स्टिअरिंग वळत नाहीये."

"म्हणूनच सांगतोय, उजवीकडे घ्या."

"अहो, त्याला वीज मिळत नाहीये."

"आमच्या ॲम्बॅसॅडरला कुठे होती वीज? मनगटात जोर लागतो. मिस्टर नाहीत का बरोबर?"

"मिस्टर गाडी चालवत नाहीत."

यावर काकांनी पेनाला टोपण लावले आणि आत वळून ही बातमी कोणाला तरी कळवली. आतून "मग बरोबर आहे" असा निर्वाळा आला. ॲम्बॅसॅडरचे स्टिअरिंग चांगले मोठे असे, वळवायला फेरेही जास्त लागत, म्हणून ते मनगटाला झेपे, हे समजावून सांगण्याइतका धीर मागच्या टेम्पोवाल्याला नव्हता. मी इंजिन बंद करून पुन्हा चालू केले, दिवा विझला, स्टिअरिंग हलके झाले.

"बघा! तेव्हापासून सांगतोय, उजवीकडे घ्या."

काकांना निदान माझे स्टिअरिंग अडले हे तरी मान्य होते. सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरने ते एका बोटाने गरागरा फिरवून दाखवले आणि माझ्याकडे, शाळा बुडवण्यासाठी पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाकडे पाहावे, तसे पाहिले. स्कॅनरमध्ये जुना फॉल्ट नोंदलेला होता, पण "आत्ता नाहीये ना मॅडम!" गाडी उभी असताना स्टिअरिंग पार टोकापर्यंत वळवले की ते हलके करणारी विजेची मोटर सर्वांत जास्त करंट ओढते, त्या क्षणी व्होल्टेज पडले तर तिची मदत बंद होते, तेव्हा बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंग लोडवर, म्हणजे करंट ओढला जात असताना, तपासा, असे मी विनवले. "सेल्फ लागतोय म्हणजे बॅटरी ओके," असे उत्तर देऊन त्याने अख्खा स्टिअरिंग कॉलम बदलण्याचे एस्टिमेट पुढे सरकवले. मी नकार दिल्यावर जॉब कार्डावर "तक्रार आढळली नाही" असे लिहून तपासणीचे पैसे घेतले, वर 18 टक्के जीएसटी. न आढळलेल्या तक्रारीवर जीएसटी कसा लागतो, या प्रश्नाला "सिस्टिममध्येच तसं आहे" एवढेच उत्तर मिळाले.

शेवटी चौकातल्या बॅटरीवाल्याने मीटर लावला. बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे जोडली होती, तो अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. इंजिनाकडे जाणारी वायर वेगळी आणि शाबूत, म्हणून सेल्फ बिनतक्रार लागत होता. तो पॉलिश पेपरने गंज घासत असतानाच सर्व्हिस सेंटरमधून एका मुलीचा फोन आला: सेवा कशी वाटली, आणि मॅडम, प्लीज दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी आमचा पगार कापतात.