कंटाळा : प्रतीक्षाधीन

सरकारी कचेरीत नव्याने रुजू झालात? अभिनंदन. आता कंटाळा येईल. घाबरू नका, तोही कायम सेवेतच आहे.

29 फेब्रुवारी 2020 पासून शनिवार सुटला खरा, पण त्या बदल्यात रोज पावणेदहा ते सव्वासहा बसणं आलं. या वाढीव वेळेचं करायचं काय, ते जीआरमध्ये नाही. म्हणून मी सांगतो.

आल्याआल्या टपालाला हात लावू नका. आधी टॅग. फायलीच्या टॅगची एक पत्र्याची कांडी हमखास निसटलेली असते. ती दाताने दाबून बसवायची, कागदाच्या भोकात ओवायची. भोक फाटलेलं निघालं की पंचिंग मशीन शोधायला उठायचं. मशीन आस्थापना शाखेत सापडतं. आस्थापनेत चहा असतो. वाजले पावणेबारा.

मग सहा गठ्ठे लावायला घ्या. ज्याने कोणी ही पद्धत काढली त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायची आणि नष्ट करायची अशी वर्गवारी. त्यात ‘प्रतीक्षाधीन’ हा खरा कल्पवृक्ष. प्रलंबित म्हणजे तुमच्यामुळे अडलेलं, प्रतीक्षाधीन म्हणजे दुसऱ्यामुळे. एक पत्र टाकलं की फाईल पहिल्यातून उचलून दुसऱ्यात!

2005 चा विलंब प्रतिबंधाचा कायदा म्हणतो, एका टेबलावर फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. कोण ठेवतंय? सहाव्या दिवशी ‘अभिप्रायार्थ’ म्हणून शेजारच्या शाखेत धाडा. तेही कायदा पाळणारेच, त्यांच्या सहाव्या दिवशी परत येते. फाईल फिरती राहते, तब्येतीलाही बरं.

जेवणाला एक ते दोनमधला अर्धा तास मिळतो. तो डबा उघडल्यापासून मोजायचा. डबा गरम करणं, हात धुणं, लोणच्यावरची चर्चा त्यात धरत नाहीत. (हे लेखी कुठे मिळणार नाही, ज्येष्ठांकडून शिकावं लागतं.)

एवढं करूनही चार वाजता जांभया आल्याच, तर बाहेरच्या बाकड्याकडे बघा. नातवाच्या दाखल्यासाठी आलेले ते आजोबा सकाळपासून मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बंद पंख्याकडे बघत बसलेत. ना मोबाईल, ना टॅग, ना आस्थापनेतला चहा. त्यांना कसं जमतं ते विचारून घ्या. फक्त त्यांनी आधी काही विचारलं, तर म्हणायचं, “प्रक्रियेत आहे, सोमवारी या.”