उझीचं श्रेय गलला द्या, पण खऱ्या कारणासाठी

उझी या सबमशीन गनबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गाभा असा: ‘उझिएल गल या तरुण अधिकाऱ्याने कुणालाच न सुचलेली रचना शोधली. या बंदुकीच्या जोरावर इस्रायलने 1948 चं युद्ध जिंकलं. गलने अभिमानाने तिला स्वतःचं नाव दिलं. मिनिटाला हजाराहून जास्त गोळ्या झाडणारं हे शस्त्र पिसासारखं हलकं आहे.’ या शस्त्राचा इतिहास मी आस्थेने वाचत आलो आहे, म्हणून सांगतो: यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

1948 चा दावा सगळ्यात आधी गळून पडतो. गलने या रचनेवर नेटाने काम सुरू केलं ते त्या युद्धानंतर. लष्कराने ती स्वीकारली 1951 मध्ये आणि सैनिकांच्या हातात ती पडू लागली 1954 च्या सुमारास. 1948 मध्ये लढणाऱ्यांकडे होत्या त्या स्टेन (ब्रिटिश सबमशीन गन) आणि इतर जुन्या बंदुका. मोठ्या युद्धात उझी पहिल्यांदा दिसली ती 1956 मध्ये, सिनाईत.

नावाचं तर नेमकं उलट आहे. 1923 मध्ये जर्मनीतल्या वायमारला गॉटहार्ड ग्लास म्हणून जन्मलेल्या या माणसाने बंदुकीला आपलं नाव देऊ नका अशी विनंती केली होती. वरिष्ठांनी ती मानली नाही. ज्याने नको म्हटलं त्यालाच आत्मप्रौढीचा डाग लावणं मला खटकतं.

वेगाबद्दलचा घोळ कुठून आला ते समजू शकतं. मूळ उझी मिनिटाला सुमारे 600 गोळ्यांच्या वेगाने चालते. 1980 मध्ये आलेली मिनी उझी सुमारे 950 वर गेली आणि त्याहून छोटी मायक्रो हजाराच्या पुढे. बोल्ट, म्हणजे दर गोळीला मागे-पुढे धावणारा बंदुकीतला धातूचा ठोकळा, जितका हलका आणि त्याचं मागे-पुढे धावण्याचं अंतर जितकं कमी, तितका वेग वाढतो. म्हणजे हा वेग आकार लहान केल्याचा परिणाम आहे, तो मूळ उझीचा गुण नव्हे. आणि मूळ उझी रिकामी असतानाच साधारण साडेतीन किलोची भरते. पिसासारखी नक्कीच नाही.

आता मुख्य मुद्दा: ‘कुणालाच न सुचलेली रचना’.

उझीचं वैशिष्ट्य म्हणजे तिचा पोकळ बोल्ट. जुन्या रचनेत बोल्ट नळीच्या मागे असतो, त्यामुळे नळीची लांबी अधिक बोल्टची लांबी अधिक मागे सरकायची जागा, अशी बेरीज होत जाते. उझीत गोळी झाडताना बोल्टचा पुढचा भाग नळीच्या मागच्या टोकावर टोपणासारखा चढलेला असतो. बोल्टचं वजन कायम राहतं, लांबी मात्र वाचते. त्यातून मॅगझिन (गोळ्यांची पेटी) मुठीत बसवायला जागा होते, आणि अंधारातही एक हात दुसऱ्या हाताला आपोआप सापडत असल्याने मॅगझिन बदलणं सोपं जातं. फायदा किती? स्टेनची एकूण लांबी सुमारे 760 मिमी, नळी 200 मिमीच्या आतली. उझीची नळी 260 मिमी, आणि खांद्याला टेकवायचा धातूचा दस्ता दुमडला की सगळी बंदूक 470 मिमीची. 1981 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला तेव्हा एका अंगरक्षकाने ब्रीफकेसमधून उझी बाहेर काढली होती, ती या लांबीमुळेच.

पण ही कल्पना गलच्या आधीची आहे. इटलीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच अशा बोल्टची बंदूक तयार झाली होती. चेकोस्लोव्हाकियात यारोस्लाव्ह होलेचेक यांची सा-23 ही बंदूक 1948 पासून बनत होती, पोकळ बोल्ट आणि मुठीतलं मॅगझिन, दोन्हींसह.

मग काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन ‘गलने चेक बंदूक उचलली’ असं लिहितात. तेही मला पटत नाही. सा-23 ची बॉडी गोल नळकांड्याची, उझीची दाबून घडवलेल्या पत्र्याची, चौकोनी. त्या पत्र्यात उठवलेल्या पन्हाळ्यांमुळे धूळ-वाळूला बाजूला सरकायला जागा मिळते. सा-23 मध्ये चाप अर्धा दाबला की एक गोळी आणि पूर्ण दाबला की सलग मारा. उझीत त्यासाठी वेगळा खटका आहे. मुठीमागे आणखी एक सेफ्टी आहे: मूठ घट्ट धरल्याशिवाय गोळी सुटत नाही. स्टेन खाली आदळली तरी उडायची, हे लक्षात घेतलं की या सेफ्टीचं मोल कळतं.

गलचं खरं काम इथे आहे. त्याच्यासमोर हाईम कारा या दुसऱ्या अधिकाऱ्याची रचनाही स्पर्धेत होती. ती जास्त गुंतागुंतीची होती. गलची कमी भागांची आणि बनवायला सोपी होती, आणि नव्या, साधनं तोकडी असलेल्या लष्कराने तीच निवडली.